एमजीबीला टायर कोणतं घालावं: १६५/८० आर १४ आणि जळगावातलं एक दुकान

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. स्पोकच्या चाकांची जुनी एमजीबी (इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स गाडी) असेल आणि ती कव्हर घालून न ठेवता आपल्या खान्देशातल्या रस्त्यांवर खरंच चालवायची असेल तर १६५/८० आर १४ हेच माप घ्या, रुंद टायरच्या नादी लागू नका. आणि बसवायला अशा माणसाकडे जा जो टायर दाखवायच्या आधी टेप काढतो. आम्हाला तसा माणूस जळगावात भेटला, अजिंठा चौफुलीच्या पुढे एमआयडीसीच्या अंगाला. दुकानाचं नाव इथे टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, पण त्या भागात जाऊन "स्पोकच्या चाकाचं काम कोण करतं" असं कोणालाही विचारा, तिथेच पोचाल.

गाडी माझ्या मामांची आहे. मामा चोपडा तालुक्यातले, केळीवाले, आणि जुन्या गाड्यांचं वेड त्यांना आधीपासूनच. १९६७ ची एमजीबी रोडस्टर, गडद हिरवी, १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन कमी फिरवणारा जास्तीचा गिअर) नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही गाडी १९६२ ते १९८० इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांच्या वर बनली, म्हणून पार्ट आजही मिळतात. रस्त्यात लोक विचारतात "हेक्टरवाल्यांचीच का ही?", नाव तेच आहे हो, पण एमजी हेक्टर २०१९ पासून गुजरातेत हालोलला बनते आणि तिचा या गाडीशी नावापलीकडे काही संबंध नाही.

तर मामांनी गाडी घेतली तेव्हा तिच्यावर १९५/६० आर १४ चे टायर होते. आधीच्या मालकाने कुठून तरी बसवून घेतलेले. उभी गाडी बघितली की भारी वाटायची, रुंद, जमिनीला चिकटलेली. चालवायला बसलं की मात्र एकेक गोष्ट समोर यायची. स्टेअरिंग उभ्या जागी फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागायचा (पॉवर स्टेअरिंग नाहीच, साधं रॅक अँड पिनियन), रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसल्या की गाडी आपणहून त्यात शिरायची, आणि मागे दोन माणसांचं सामान ठेवून खड्ड्यात गेली की डाव्या बाजूने खर्रर्र आवाज. डावीकडूनच. हे एमजीबीचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे, मागचा अ‍ॅक्सल बॉडीच्या बरोबर मध्यात बसत नाही, डाव्या मडगार्डची फट उजवीपेक्षा कमी असते, त्यामुळे रुंद टायर घातलं की आधी डावं मागचं घासतं. आणि स्पीडब्रेकर! अडावदपासून विदगावपर्यंत गावागावात जे स्पीडब्रेकर आहेत त्यातल्या निम्म्यांवर सायलेन्सर टेकायचा.

आता हे सगळं का होत होतं ते आकड्यात सांगतो कारण मला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि टायर घेताना लोक हाच भाग सोडून देतात. टायरवर जे १६५/८० आर १४ लिहिलेलं असतं त्यात १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के टायरची उंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची भिंत, आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. १६५ चे ८० टक्के १३२. वर १३२ खाली १३२ आणि मधलं १४ इंची रिम ३५५.६, झाले जवळपास ६२० मिलिमीटर. हेच गणित १९५/६० ला लावा, भिंत ११७, एकूण व्यास ५९०. म्हणजे गाडी सरळ १५ मिलिमीटर खाली बसली. एमजीबीचा ग्राउंड क्लिअरन्स आधीच पाच इंचांच्या आसपास, त्यातले दीड सेंटिमीटर असेच गेले, मग सायलेन्सर टेकणारच ना.

आणि नुसती उंची नाही. चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण साडेनऊ सेंटिमीटर कमी पुढे जाते, त्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ७६ असतो. इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं. या गाडीचं मागचं डिफरन्शियल ३.९०९ चं आहे, म्हणजे शाफ्टच्या ३.९०९ फेऱ्यांना चाकाची एक फेरी, मूळ उंचीच्या टायरवर चौथ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला साधारण २९ किलोमीटर वेग पडतो, म्हणजे ९० ला ३१०० आरपीएम. छोट्या टायरवर तेच ९० गाठायला दीडशेच्या वर आरपीएम जास्त लागतात. ओव्हरड्राइव्ह असता तर चाललं असतं, पण नसलेल्या गाडीत धुळ्यापर्यंत हायवेने जाताना ते कानाला आणि पेट्रोलला दोन्हीकडे कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र रिमची रुंदी. मामांच्या गाडीला ६० स्पोकची चाकं आहेत, रिम साडेचार इंच रुंद. १९५/६० च्या टायरला कमीत कमी साडेपाच इंचांचं रिम लागतं. साडेचारवर चढवलं की टायरच्या भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, वळणावर भिंत लुळी पडते आणि मध्ये झीज जास्त. मामांचे टायर मध्ये गुळगुळीत झालेले आणि कडांना नक्षी शाबूत, ते यामुळेच. १६५/८० ला चार ते साडेपाच इंचांपर्यंतचं रिम चालतं, साडेचार अगदी मधोमध नाही पण आरामात बसतं.

टायर बदलायचे ठरल्यावर आम्ही सुरुवातीला जिथे जिथे विचारलं तिथे तिथे एकच उत्तर, "चाकं बदला, पंधरा इंची अलॉय टाका, गाडी खतरनाक दिसेल". एका ठिकाणी तर स्विफ्टचं अलॉय आणून लावूनच बघू म्हणे. अहो स्विफ्टचा पीसीडी (चाकाचे बोल्ट किती आणि केवढ्या वर्तुळावर, ते माप) ४x१०० आणि स्टीलच्या चाकांच्या एमजीबीचा ४x११४.३, बोल्ट बसणारच नाहीत, आणि मामांच्या गाडीला तर बोल्टच नाहीत! स्पोकवाल्या एमजीबीला हबवर खाचा असतात, त्यावर चाक सरकतं आणि मध्ये एकच मोठा कानवाला नट, तो हातोड्याने ठोकून घट्ट करायचा. त्या दुकानदाराला दोष द्यायचा नाही, रोज अशी गाडी येत नाही त्यांच्याकडे, पण निदान चाकाकडे वाकून बघायला काय हरकत होती.

मग मामांच्या ओळखीच्या एका ट्रॅक्टरवाल्याने जळगावचं हे दुकान सुचवलं. बाहेरून काही विशेष नाही, पत्र्याचं शेड, बाहेर ट्रकच्या टायरची थप्पी. मालक पन्नाशीचे असतील, त्यांनी गाडी बघितली, "या अप्पा" म्हणाले मामांना (आमच्याकडे वयाने मोठा दिसला की अप्पा नाहीतर आबा), आणि टायरबद्दल एक शब्द न बोलता आधी डाव्या मागच्या मडगार्डखाली हात घातला. मग टेप. मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्यापासून टायरपर्यंत किती जागा, गाडी जॅकवर असताना किती आणि खाली सोडून मागे दोन पोरं बसवून किती. उजवीकडेही तसंच. मामांना मनातून १८५/६५ हवे होते, थोडे रुंद, रुबाब राहील म्हणून. तर ते म्हणाले, "भाऊ, बठी ते जाई, पन घासाई." (अहिराणीत, बसेल खरं, पण घासेल.) आणि वहीत दोन्ही मापांची उंची लिहून दाखवली. १८५/६५ चा व्यास ५९६, म्हणजे तो पण जवळपास चार टक्के कमी, आणि त्याला पाच इंचांचं रिम पाहिजे. साडेचारवर मी बसवणार नाही म्हणाले. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे, महागडं टायर मागतंय, आणि दुकानदार नाही म्हणतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं. इथेच माझा विश्वास बसला.

मामांनी विचारलं मग १८५/७०? हे मात्र त्यांनी लगेच उडवून लावलं नाही. १८५/७० चा व्यास ६१५, म्हणजे मूळच्या जवळच, आणि १९७९-८० ला कारखान्याने जी लिमिटेड एडिशन काढली तिला पाच इंची अलॉयवर हेच माप दिलेलं होतं. तेव्हा हे माप चुकीचं अजिबात नाही. ज्यांच्या गाडीला १९७० च्या मॉडेलपासून आलेली पाच इंची रोस्टाइल चाकं आहेत आणि डावी फट व्यवस्थित आहे त्यांनी ते खुशाल घ्यावं, पकड थोडी जास्त मिळेल. पण साडेचार इंची रिमला ते अगदी शेवटच्या हद्दीवर बसतं आणि मामांच्या गाडीत डावीकडे जागा बोटभर सुद्धा नव्हती. आणखी एक मुद्दा त्यांनी सांगितला तो मला फार पटला, टायरची पकड जितकी वाढवाल तितका वळणावरचा ताण स्पोकवर येतो, साठेक वर्षांपूर्वीच्या डिझाइनच्या चाकावर तो कशाला टाकायचा. गाडी मुळात ५.६०-१४ च्या जुन्या पद्धतीच्या क्रॉसप्लाय टायरवर आलेली, नंतर रेडियल (मापातला आर तो हाच, हल्लीचे सगळे टायर असेच) आले तेव्हा १५५ आणि १६५. त्या काळात मापात टक्केवारी लिहायचेच नाहीत, नुसतं १६५ एसआर १४, आणि ती उंची ८०-८२ टक्के असायची. म्हणजे जुन्या पुस्तकात नुसतं १६५-१४ दिसलं की आजचं १६५/८० आर १४ समजायचं.

आणि आपलं नशीब बघा, हे माप भारतात गल्लोगल्ली मिळतं. स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या व्हेरियंटला हेच येतं! एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, सगळ्यांकडे आहे. जुन्या गाड्यांसाठी पिरेली अजून सिंटुराटो सीए६७ बनवते, १६५ एचआर १४, नक्षी त्या काळातलीच, दिसायला सुंदर, पण २०२० पासून बाहेरून टायर आणणं सरकारने परवान्याच्या कक्षेत टाकलंय, तेव्हा चोपड्याच्या माणसाने त्यामागे धावण्यात अर्थ नाही. आम्ही सिएटचे मिलेज या नावाचे टायर घेतले, एक टायर साडेचार हजाराच्या आत पडलं. त्यावर ८५टी लिहिलेलं असतं, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो वजन, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. गाडी टनाच्या आत आणि तिचा अख्खा टॉप स्पीड १६५ च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडून भरपूर. एकच खंत, देशी कुठल्याच कंपनीच्या या मापात जुन्या धाटणीची नक्षी नाही, जवळून बघणाऱ्याला टायर आजचे आहेत हे कळतं. लांबून मात्र गाडी एकदम फोटोतल्या जुन्या एमजीबीसारखी उभी राहते, चाकाभोवती थोडी हवा, उंच बारीक टायर, मला तरी हीच ठेवण जास्त देखणी वाटते.

तारीख बघून घ्या, हे जरूर. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी वर्षाला फार चालत नाही, टायर झिजण्याआधी म्हातारं होतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, भुसावळ-जळगावला रबर सुकायला वेगळं काही करावं लागत नाही. दुकानदारांनी चारही टायर एकाच वर्षाचे आणि ताजे काढून दिले, न मागता.

आता ट्यूब. स्पोकच्या चाकात निपलमधून (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) हवा गळते म्हणून ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. ट्यूब रेडियलचीच पाहिजे, आणि निपलच्या टोकांनी ती फाटू नये म्हणून रिमवर रबरी पट्टी. हल्लीच्या ट्यूबलेस टायरच्या आत कधी कधी बारीक उंचवटे नाहीतर स्टिकर असतात, ते ट्यूबला घासून पंक्चर करतात, तर त्यांनी प्रत्येक टायरच्या आत हात फिरवून स्टिकर काढले आणि टाल्कम पावडर मारून ट्यूब घातली. आधीच्या टायरमध्ये काय निघालं माहितेय? पट्टीच नव्हती, नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ज्याने कोणी बसवलं होतं त्याने गाडी १०० वर जाते याचा विचार केला नसावा.

स्पोकसाठी त्यांनी भुसावळच्या एका जुन्या बुलेट मेकॅनिकला बोलावून घेतलं. तो प्रत्येक स्पोकवर पान्हा हलकासा वाजवून ऐकत गेला, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो, घट्टाचा टणक. मग चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढला, चारही चाकांचा. मागच्या डाव्या चाकाचे काही स्पोक बरेच सैल होते. हे काम मन लावून करणारी माणसं आता कमी राहिलीत आणि मी तिथेच उभा राहून सगळं बघितलं, कंटाळा म्हणून आला नाही.

बॅलन्सिंगला मात्र दिवस मोडला. स्पोकच्या चाकाचं मधलं भोक दोन्ही बाजूंनी तिरकं असतं, मशीनच्या नेहमीच्या एका कोनवर (चाक मधोमध धरणारा शंकूसारखा तुकडा) ते सरळ बसत नाही, चाक वाकडं फिरतं आणि मशीन खोटे आकडे दाखवतं. त्यांना हे माहीत होतं, पण जोडीचा कोन त्यांच्याकडे नव्हता, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून आणावा लागला. त्यात आमची संध्याकाळ गेली, मुक्काम पडला. आधी फोनवर सांगितलं असतं तर कोन तयार ठेवला असता असं ते म्हणाले, तेव्हा जाणाऱ्यांनी आधी फोन करा आणि चाक स्पोकचं आहे हे सांगा. बसायला जागा नाही, पाण्याचा माठ आहे तेवढा. ट्यूब पण त्यांच्या स्टॉकमध्ये नव्हत्या, धुळ्याहून मागवल्या. बिलात मजुरी थोडी जास्त वाटली आधी, पण काम बघून मामांनी घासाघीस केली नाही.

अलाइनमेंटच्या कॉम्प्युटरमध्ये १९६७ ची एमजीबी कुठून असणार. ते म्हणाले पुस्तक आहे का, मामांकडे हँडबुक होतं, त्यात टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली असावीत ते) १/१६ ते ३/३२ इंच दिलंय, म्हणजे दीड ते सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, तेवढं त्यांनी हाताने लावलं. कॅम्बर-कॅस्टर हे चाकाच्या झुकावाचे कोन या गाडीत असे फिरवता येत नाहीत, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. नट ठोकायच्या आधी हबच्या खाचा पुसून ग्रीस लावलं, तांब्याच्या हातोड्याने ठोकलं, आणि डाव्या-उजव्या बाजूचे नट उलट आट्यांचे असतात म्हणून कुठला कुठे ते बाण बघून दोनदा तपासलं. थोडं अंतर चालवून आणा आणि परत ठोकून घ्या म्हणाले. घेतलं.

हवेचं सांगायलाच हवं. हँडबुकमध्ये रेडियलला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय आहे. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता ३५ भरतो, आणि मग लोक म्हणतात जुनी गाडी उडते. आम्ही पुढे २४ मागे २६ ठेवतो, सकाळी टायर थंड असताना. उन्हाळ्यात दर पाच-साडेपाच अंशाला साधारण एक पीएसआय वाढतो, दुपारी तापलेल्या टायरवर मोजून हवा काढत बसू नका.

आणि चालवायला? मामा म्हणे स्टेअरिंग परत हातात आलं. खरंच, पार्किंगमध्ये एका हाताने फिरतं, विदगावच्या पुलाकडे जाताना चाकोऱ्यांमधून सरळ जाते, स्पीडब्रेकर तिरका घेतला की सायलेन्सर टेकत नाही. आम्ही चाळीसगावहून कन्नडचा घाट पण चढून आलो. वळणावर टायर अचानक सुटत नाही, आधी आवाज करतं, थोडं सरकतं, सांगून सरकतं, मग सावरायला वेळ मिळतो. ही गाडी याच स्वभावाच्या टायरवर बेतलेली आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती असते तिथे बारीक टायर ती कापून खालपर्यंत जातं, रुंद टायर वर तरंगायचं. डावीकडचा घासायचा आवाज पूर्ण गेला. एक तोटा आहे तो पण सांगतो, जोरात ब्रेक दाबला तर चाक आधीपेक्षा लवकर लॉक होतं, गाडीत एबीएस वगैरे काही नाही, तेव्हा पुढच्या ट्रकपासून अंतर जास्त ठेवावं लागतं.

स्टेपनीचं राहिलं. डिकीत आडवी ठेवायची असते, तिच्यावर अजून जुनं १९५/६० आहे, आणि मागे एका बाजूला ५९० आणि दुसऱ्या बाजूला ६२० चं चाक लावून लांब जाणं डिफरन्शियलला चांगलं नाही. पाचवं टायर त्याच दुकानात सांगून ठेवलंय, त्याच तारखेच्या आसपासचं मिळालं की फोन करतो म्हणालेत, आणि तोवर, कन्नड घाटाची ती एक फेरी सोडली तर, मामा जळगावच्या पुढे गाडी नेत नाहीत.